जर्मन वाईनच्या लेबलवर श्पेटलेझ लिहिलंय, मग वाईन गोड की नाही?

आपल्याकडे बागायतदार माल काढायच्या आधी द्राक्षाचे ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, चेक करतो ना, जर्मनीत तेच काम एक्सले नावाच्या मापाने होतं. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड तितके एक्सले, 80 एक्सले म्हणजे साधारण 19 ब्रिक्स. आता 1971 च्या जर्मन वाईन कायद्याने काय केलं, तर लेबलवरचा दर्जा ह्याच आकड्याला बांधला, काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ अशा चढत्या पायऱ्या आणि रसात साखर जास्त तर पायरी वरची, मग बाग डोंगरउताराची आहे का सपाटीची, वेलीवर माल किती धरलाय, ह्याने पायरी बदलत नाही.

इथेच गडबड झाली असं मला मनापासून वाटतं. रिस्लिंग हे द्राक्ष उशिरा पिकतं, थंड मोझेल खोऱ्यात त्याला दक्षिणेकडे तोंड असलेला खडा उतार लागतो आणि तिथे मजुरी प्रचंड. म्युलर-थुरगाउ हे दुसरं द्राक्ष मात्र सपाटीवरही लवकर पिकतं आणि माल भरपूर देतं, आकडा दोन्हीकडे गाठता येतो तर मग कष्ट कशाला? 1970 च्या दशकात हेच द्राक्ष लागवडीत रिस्लिंगच्याही पुढे गेलं, एकट्या कायद्यामुळे नाही, पण कायद्याने अडवलंही नाही.

लेबलवरच्या बागांच्या नावांचं तर विचारूच नका. पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्फ्शन म्हणजे पीस्पोर्ट गावचा नामांकित उतार, आणि पीस्पोर्टर मिशेल्सबर्ग म्हणजे आजूबाजूच्या कितीतरी गावांच्या बागा एका नावाखाली! दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ह्यातला फरक कळणार कसा, ही सरळ फसगत आहे. 2021 च्या सुधारणेत ठरलं की 2026 च्या हंगामापासून अशा मोठ्या पट्ट्याच्या नावाआधी 'रेगिओन' (प्रदेश) लिहायचं, म्हणजे 1971 च्या कायद्यानंतर पंचावन्न वर्षांनी.

आणि श्पेटलेझ म्हणजे गोड वाईन असंही नाही हां, तो आकडा तोडणीच्या वेळच्या रसाचा. यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल बनवतं, सगळी खाल्ली तर वाईन कोरडी, मधेच थांबवलं तर गोडी उरते. म्हणून श्पेटलेझची बाटली हातात आली की अल्कोहोलचा टक्का बघा, 8 च्या आसपास असेल तर गोड, 12 च्या वर असेल तर बहुतेक कोरडी, आणि 'ट्रोकन' लिहिलं असेल तर कोरडीच.