लुंबिनीला जायचंय? तिकिटाआधी मतदार ओळखपत्र शोधा

बुद्धपौर्णिमा जवळ आली की आमच्या विहारात नेपाळमधल्या लुंबिनीचा, म्हणजे बुद्धांच्या जन्मस्थळाचा विषय निघतो आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, ‘आधार चालतं ना?’ तुमचं वय 15 ते 65 असेल, तर चालत नाही. माझी आत्या 62 वर्षांची असताना दिल्ली विमानतळावरून परत आली होती. सोबतच्या बायका काठमांडूला पोहोचल्या आणि ती फक्त आधार कार्ड हातात घेऊन बाकावर बसून राहिली. हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे अर्जही नाही आणि शुल्कही नाही. नागरिकत्व सिद्ध करायला दोनपैकी एक कागद मात्र हवाच: मुदतीत असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. मूळ प्रत जवळ ठेवा, झेरॉक्सच्या भरवशावर निघू नका. 15 वर्षांखालच्या मुलांना आणि 65 वर्षांवरच्या ज्येष्ठांना सवलत आहे. त्यांना वय आणि ओळख पटवणारं फोटोचं कार्ड पुरतं. आधार, पॅन, वाहन परवाना, रेशनकार्ड यांपैकी काहीही चालतं. 15 ते 18 वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं. सुट्टी लागल्यावर शाळेत कुणी भेटत नाही, तेव्हा ते आधीच घेऊन ठेवा.

मतदार ओळखपत्रच नसेल तर नमुना 6 भरून नाव नोंदवा. कार्ड हरवलंय किंवा त्यावर चूक आहे, तर नमुना 8. दोन्ही अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतात, पण कार्ड हातात पडायला वेळ लागतो. आपल्याकडे बायकांचा घोळ बहुतेक वेळा नावाचा असतो. कार्डावर माहेरचं आडनाव आणि तिकिटावर सासरचं. विमानाचं तिकीट काढताना कार्डावर आहे तसंच, अक्षर न अक्षर तेच नाव घाला.

रस्त्याने जाणाऱ्यांना भारत-नेपाळ सीमेवरचा सोनौली नाका सोयीचा. मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बस किंवा जीपने सोनौली. नाका ओलांडला की भैरहवा आणि तिथून तासाभरात लुंबिनी. नाक्यावर बरेच जण न थांबता चालत पलीकडे जातात, कुणी हटकतही नाही. म्हणून कागद घरी ठेवायचे नाहीत. तपासणी कधी होईल ते आपल्या हातात नसतं, आणि लॉजवाला ओळखपत्र मागतोच.

गटात परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असलं तरी त्यांना नेपाळचा व्हिसा घ्यावाच लागतो. तो नाक्यावर मिळतो. 15 दिवसांसाठी 30 डॉलर, 30 दिवसांसाठी 50. त्यांनी भारत आणि नेपाळ अशा दोन्ही बाजूंच्या इमिग्रेशन कार्यालयांत स्वतःहून जाऊन शिक्के मारून घ्यायचे. न थांबता पुढे गेलात तर परतताना फार त्रास होतो.

स्वतःची गाडी नेणार असाल तर नेपाळच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे त्यांच्या जकात कचेरीत, दिवसांच्या हिशेबाने पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. गाडीचं आरसी (नोंदणीचं कागद) आणि चालकाचा परवाना लागतो. वर्षभरात एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही. ठरवलेल्या दिवसांपेक्षा एक दिवस जास्तीचा धरा. आपल्या 100 रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा भरपूर न्या.

लुंबिनीत मायादेवी मंदिराचं तिकीट देशानुसार वेगवेगळ्या दराचं असतं, म्हणून ओळखपत्र तिथेही खिशात ठेवा. चपला बाहेर काढायच्या, आत फोटो काढायला मनाई आहे. घाईघाईने बाहेर पडू नका. मंदिराशेजारीच अशोकाचा स्तंभ आहे, 1896 मध्ये सापडलेला. त्यावर ब्राह्मी लिपीत पाच ओळी आहेत. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः इथे आला, इथे बुद्ध शाक्यमुनी जन्मले, आणि म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नाचा फक्त आठवा भाग घ्यायचा, असं त्यात कोरलंय. आत्या दुसऱ्या वर्षी मतदार ओळखपत्र घेऊन गेली आणि या ओळींसमोर बराच वेळ हात जोडून उभी होती.