इंदूरच्या शाळेत सहायक शिक्षिका व्हायचंय? अनुभव, प्रशिक्षण आणि कागदांची तयारी

लग्न होऊन इंदूरला आलेल्या, डिग्री हातात असलेल्या आणि मुलं थोडी मोठी झालेल्या किती तरी जणी मला विचारतात, "ताई, शाळेत लागायचंय, अगदी सहायक म्हणून चालेल. फॉर्म कुठे मिळतो?" असा एक फॉर्म नाही. सहायक शिक्षिकेसाठी वेगळी सरकारी परीक्षा किंवा परवाना नाही. खासगी शाळा आपापल्या पद्धतीने नेमणूक करतात आणि सरकारी शाळेत शिरायचा मार्ग अतिथी शिक्षक (रिक्त जागी मानधनावर तात्पुरते नेमलेले शिक्षक) योजनेतून जातो. दोन्हीकडे कामी येतो तो अनुभव, पण तो कागदावर असेल तरच.

पदरी काहीच अनुभव नसेल तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नोंदणी करा. 2021 साली सुरू झालेल्या या पोर्टलवर सरकारी आणि अनुदानित शाळा आपल्या गरजा टाकतात: कुणाला वाचन घेणारं माणूस हवं असतं, कुणाला चित्रकला शिकवणारं. आपण जवळची शाळा निवडून इच्छा कळवायची, मग शाळा संपर्क करते. मानधन नसतं, पण वर्गात बसायला मिळतं. दुसरी सोय म्हणजे जवळच्या खासगी शाळेच्या नर्सरी-केजीत महिना-दोन महिने मदत करू देण्याची विनंती. जुलैमध्ये नवी मुलं रडत असतात, डबे उघडत नसतात, चपला उलट्या पायांत असतात. तेव्हा मुख्याध्यापिका सहसा नाही म्हणत नाहीत.

ही कामं हलकी समजू नका. एक मूल खडू पूर्ण मुठीत धरून कागदावर दाबतं, शेजारचं तोच खडू तीन बोटांत धरतं. हा फरक दिसणं, पहिल्याला ओरडायच्या ऐवजी खडूचा लहान तुकडा हातात देणं (तुकडा मुठीत धरता येत नाही, बोटं आपोआप पुढे येतात), हेच सहायक शिक्षिकेचं काम. रोज अशी एक गोष्ट वहीत तारखेसह लिहून ठेवा. मुलाखतीत "मला मुलं आवडतात" या वाक्यापेक्षा ती वही जास्त बोलते.

आता प्रशिक्षण. इथे पैसे बुडायचा धोका सर्वांत जास्त आहे. नर्सरी टीचर ट्रेनिंगच्या जाहिराती शहरभर आहेत, पण त्यातले बरेच कोर्स एनसीटीईची (शिक्षक-प्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्र सरकारची परिषद) मान्यता नसलेले असतात. खासगी प्ले स्कूलला ते चालतात, सरकारी भरतीत नाही. फी भरण्याआधी संस्थेचं नाव एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीच्या यादीत शोधा, कारण मध्य प्रदेश त्याच समितीकडे येतो. नाव नसेल तर संस्थेने कितीही समजावलं तरी फी भरू नका.

पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) करा. दोन वर्षांचा कोर्स आहे, खुल्या वर्गाला बारावीत 50 टक्के लागतात, प्रवेश ऑनलाइन आणि गुणवत्तेवर. इंदूरची सरकारी डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) बिजलपूरला आहे. "बी.एड. तर आहे माझं" असं अनेक जणी म्हणतात, पण 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्राथमिक शिक्षकाच्या पदासाठी बी.एड. ही पात्रता नाही. ते सहावीपासून पुढे उपयोगी. पुढे नियमित भरतीसाठी पात्रता परीक्षाही आहे: 150 गुण, खुल्या वर्गाला 90 हवेत.

दिव्यांग मुलासोबत वर्गात बसून त्याला साथ देणाऱ्या शिक्षिकेला आता इथल्या खासगी शाळा शॅडो टीचर म्हणतात. मन लागत असेल तर या कामात खरी गरज आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा डिप्लोमा करा आणि नंतर परिषदेकडे नावनोंदणी करा.

अतिथी शिक्षकाची प्रक्रिया अशी: शालेय शिक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव भरायचा, मूळ कागद घेऊन संकुल प्राचार्यांकडे (आसपासच्या सरकारी शाळांच्या गटाचे प्रमुख) पडताळणी करायची. मग स्कोअर कार्ड तयार होतं आणि त्यावर रिक्त जागी बोलावणं येतं. अतिथी शिक्षकांचे तीन वर्ग, म्हणजे श्रेणी, आहेत: प्राथमिक म्हणजे वर्ग तीन, माध्यमिक वर्ग दोन, उच्च माध्यमिक वर्ग एक. 2023 साली मानधन वाढलं आणि वर्ग तीनला महिना 10,000, वर्ग दोनला 14,000, वर्ग एकला 18,000 रुपये झाले. नोकरी कायम नाही, पण तीन शैक्षणिक सत्रं आणि किमान 200 दिवस भरले की शिक्षक भरतीत अतिथींच्या राखीव जागांसाठी दावा करता येतो. खासगी शाळेतले दिवस यात धरत नाहीत.

कागद: दहावीची गुणपत्रिका (जन्मतारखेसाठी), बारावी, पदवीच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आधार, नऊ अंकी समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक), बँक पासबुक, फोटो. जिथे मूळ निवासी किंवा जातीचा दाखला मागतात, तिथे लोक सेवा केंद्रातून आधीच अर्ज करा. महाराष्ट्राचा जातीचा दाखला इथे आरक्षणासाठी चालत नाही, हे माहेरून कागद आणणाऱ्यांनी लक्षात घ्या.

आणि आपल्या मराठी बायकांची खास अडचण म्हणजे नाव. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. इथल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नुसतं नाव, वडील वेगळ्या ओळीत. आधारवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव, काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. पोर्टलला या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून घ्या, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र करा, आणि आधार व समग्र यांतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून ई-केवायसी पूर्ण करा. नोंदणी उघडल्यावर हे करायला घेतलं तर वेळ पुरत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्येच उरका.

अनुभव प्रमाणपत्राचं मी स्वतः भोगलं आहे. एका खासगी शाळेत मी दोन वर्षं केजीला होते. सोडताना त्यांनी प्रेमाने लिहून दिलं, "यांनी आमच्याकडे उत्तम काम केले." ना रुजू झाल्याची तारीख, ना सोडल्याची, ना जावक क्रमांक. पुढच्या शाळेने तो कागद बाजूला ठेवला. जुन्या शाळेत परत गेले तर मुख्याध्यापिका बदललेल्या, हजेरीपत्रक सापडेना. माझी दोन वर्षं कागदावर शून्य झाली.

म्हणून प्रमाणपत्र शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह घ्या. त्यात रुजू आणि कार्यमुक्तीची तारीख, वर्ग, विषय, पूर्णवेळ की अर्धवेळ, शाळेचा यूडायस क्रमांक (प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक) आणि सहीखाली नाव-पद-शिक्का हवा. मानधन बँकेतूनच मागा, नोंद राहते. आणि प्रमाणपत्र नोकरी सोडताना नव्हे, दर वर्षी मार्चमध्ये निकालपत्रकं भरायच्या आठवड्यात मागून घ्या, त्या वेळी कार्यालयात रजिस्टर उघडंच असतं.