फोटोशॉपमध्ये स्क्रीनवर चट्टे का येतात, याची १९८७ पासूनची पार्श्वभूमी

मे महिन्यातली लगीनसराई असो की गणपतीआधीची बॅनरची घाई, कुडाळ-कणकवलीपासून वर चिपळूणपर्यंत कुठल्याही स्टुडिओत जा, एक तक्रार हमखास ऐकू येते. फोटोशॉपमध्ये झूम केलं की फोटोवर काळे चौकोन येतात, ब्रश फिरवला की मागे रेघा राहतात, कधी अख्खा कॅनव्हास पांढरा पडतो आणि माऊस हलवला की परत दिसायला लागतो. समोर बसलेलं गिऱ्हाईक घाबरून विचारतं, "काय रे, फोटो गेलो काय?" आणि यावर गावोगाव एकच उपाय चालतो, विंडोज मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यात अख्खा दिवस जातो, फॉन्ट जातात, ॲक्शन (साठवून ठेवलेल्या कामाच्या पायऱ्या) जातात, आणि बऱ्याचदा तोच ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, परत बसतो त्यामुळे चट्टेही परत येतात. फोटोला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं, तो दाखवणारा गडबडलेला असतो, आणि हे दाखवायचं काम कोणाकडून कोणाकडे गेलं ते समजलं की अर्धी भीती तिथेच संपते.

सुरुवातच मुळात स्क्रीनच्या अडचणीतून झाली. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नॉलकडे ॲपलचा मॅक प्लस कॉम्प्युटर होता, त्याच्या स्क्रीनला फक्त काळा आणि पांढरा एवढंच कळायचं, मधली राखाडी छटा दाखवताच यायची नाही. ती दिसल्यासारखी वाटावी म्हणून त्याने कोड लिहिला, भाऊ जॉन नॉल त्यात सामील झाला, तो इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये सिनेमाच्या इफेक्टचं काम करायचा, आणि त्यातूनच फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबीने फोटोशॉप १.० बाजारात आणलं, तेही फक्त मॅकसाठी. विंडोजवर ते १९९२ मध्ये आलं.

त्या काळातला त्रास वेगळा होता. ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे मॉनिटरला चित्र पुरवणाऱ्या कार्डावर, मेमरी असायची कधी कधी १ एमबी, त्यात १०२४ बाय ७६८ चं चित्र फक्त २५६ रंगांत मावायचं, पूर्ण रंगांसाठी सव्वादोन एमबी लागायची. मग आकाशात पट्टे दिसायचे, चेहऱ्यावर ठिपके दिसायचे, पण फाइलमध्ये सगळे रंग शाबूत असायचे. आपल्याकडे तेव्हा अजून रोलचा जमाना होता, कलर प्रिंटसाठी रोल कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जायचे, त्यामुळे हा सगळा काळ इथल्या बऱ्याच जणांनी बघितलाच नाही.

मग रंगांचं भांडण आलं, एकाच फोटोचा रंग दोन मॉनिटरवर दोन तऱ्हेचा. १९९३ मध्ये रंगांचे नियम ठरवणारी आयसीसी नावाची संघटना उभी राहिली, १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे रंगांचं एक सामायिक माप मांडलं, १९९८ च्या फोटोशॉप ५ मध्ये प्रोफाइलनुसार, म्हणजे मॉनिटर रंग कसे दाखवतो त्या नोंदीनुसार, रंग दाखवणं आलं. हे चांगलंच झालं, पण एक नवी बिघाडाची जागाही तयार झाली. मॉनिटरचा प्रोफाइल खराब असला तर फोटोशॉप इमानदारीत तो वाचतं आणि पांढरी साडी पिवळट दाखवतं, तोच फोटो ब्राउजरमध्ये मात्र कधी कधी नीट दिसतो. अशा वेळी कार्ड बदलायची काही गरज नसते, विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन तो प्रोफाइल काढायचा, एसआरजीबी डिफॉल्ट करायचा, फोटोशॉप बंद करून चालू करायचं.

खरं वळण मात्र २००८ चं. तोपर्यंत फोटोशॉप चित्र काढायचं ते प्रोसेसरवर, हळू पण भरवशाने, कार्ड फक्त तयार चित्र मॉनिटरला पाठवायचं. सीएस४ या आवृत्तीत ओपनजीएलच्या (प्रोग्राम कार्डाशी ज्या भाषेत बोलतो तिच्या) मार्गाने हे काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं, म्हणून गुळगुळीत झूम आला, कॅनव्हास फिरवता यायला लागला. २०१२ च्या सीएस६ मध्ये लिक्विफायसारखी (चित्र ओढून-ताणून आकार बदलायची) जड कामंही कार्डावर गेली. म्हणजे आता मधे ड्रायव्हर नावाचा माणूस उभा राहिला, फोटोशॉप त्याला सांगणार, तो कार्डाला सांगणार, आणि त्याने चुकीचं ऐकलं की काळे चौकोन. सीएस४ च्या जरा आधी आलेल्या व्हिस्टापासून विंडोजनेही एक नियम लावला होता, कार्डाने साधारण २ सेकंद उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हर रीसेट, म्हणून मोठा फिल्टर लावताना स्क्रीन क्षणभर काळी होऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, आता सुरू झालाय' अशा अर्थाचा मेसेज येतो. २०१० नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर दोन-दोन ग्राफिक्स, एक इंटेलचं वीज वाचवणारं आणि एक एनव्हिडियाचं ताकदीचं, आणि फोटोशॉप नेमकं कोणावर चाललंय हे चालवणाऱ्याला बरेचदा माहीतच नसतं.

म्हणून चट्टे दिसले की पहिली गोष्ट, प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्समध्ये जाऊन 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' वरची टिक काढा आणि फोटोशॉप परत उघडा. चट्टे गेले तर दोष ड्रायव्हर-कार्डाच्या बाजूला, फाइल ठीक. मग कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, नुसत्या विंडोज अपडेटवर राहू नका. इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे, स्टुडिओत अजून एनव्हिडियाच्या जीटी ७१० सारखी जुनी कार्डं भरपूर आहेत, आणि त्या कार्डांच्या केप्लर नावाच्या पिढीला एनव्हिडियाने २०२१ मध्ये नव्या ड्रायव्हरमधून वगळलं. फोटोशॉप नवं, ड्रायव्हर तिथेच थांबलेला, मग जुळणार कसं. अशा पीसीवर ती टिक काढूनच काम करावं, थोडं हळू चालेल पण अल्बम वेळेत जाईल.

दुसरी तपासणी मला फार आवडते कारण तिला पैसे लागत नाहीत. चट्टे दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर बघा. स्क्रीनशॉटमध्ये चट्टे आले तर गडबड कॉम्प्युटरच्या आत, नाही आले तर केबल किंवा मॉनिटर बघा.

आणि कॉम्प्युटर चालू होतानाच, विंडोज यायच्या आधी येणाऱ्या बायोसच्या (कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या सेटिंगच्या) स्क्रीनवर ठिपके-रेघा दिसल्या तर सॉफ्टवेअरला दोष देऊच नका. मालवण-वेंगुर्ल्याकडे समुद्राला लागून जी दुकानं आहेत तिथे खारी हवा आणि चार महिन्यांचा ओलावा कार्डाच्या सोनेरी पट्टीवर बसतो, कनेक्शन अर्धवट लागतं. पीसी पूर्ण बंद करून, वायर काढून कार्ड बाहेर काढायचं, पट्टीवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, चुरा झटकायचा आणि कार्ड परत घट्ट बसवायचं. रिपेअरवाले हेच करतात, आणि बऱ्याच वेळा तेवढ्याने भागतं. त्यानेही नाही गेलं आणि केबल-मॉनिटर ठीक असतील तर मात्र बहुतेक कार्डच संपलंय, मग मदरबोर्डवर मॉनिटरचं पोर्ट आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर केबल तिथे लावून सीझन काढता येतो.