बुजऱ्या घोड्याची भीड चेपणे

सवारीचा घोडा हॉर्न, प्लास्टिकची पिशवी, रस्त्यावरचं साचलेलं पाणी असल्या गोष्टींना बिचकत असेल तर मारझोड न करता थोडं थोडं करून त्याची भीती घालवायची पद्धत. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी, डोळे दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास ३५० अंशांतलं दिसतं, पण अगदी शेपटीमागचं दिसत नाही.

ही पद्धत मूळची कुठली यावर वाद आहे. मितन्नी (आजच्या सीरियाच्या भागातलं प्राचीन राज्य) इथल्या घोडे शिकवणाऱ्या किक्कुलीचं नाव आधी घेतात, साधारण इ.स.पू. १४ वं शतक (काही जण १५ वं धरतात), आणि त्याच्या मजकुरात एकवर्तन, पंचवर्तन (एक फेरी, पाच फेऱ्या) या संस्कृत शब्दांशी जुळणारे शब्द असल्याने आपल्याकडे त्याचा बोलबाला जास्त, पण तो सगळा मजकूर रथाच्या घोड्यांचा दमसास वाढवण्याचा आहे. घोड्यांच्या वैद्यकाचा जुना भारतीय जाणकार शालिहोत्र, त्याचा काळ इ.स.पू. ३ऱ्या शतकापासून पुढे बराच ओढला जातो, शिवाय त्याच्या नावावरच्या परंपरेत भर औषधोपचारावर. त्यापेक्षा घोडेस्वारीवर लिहिणारा ग्रीक लेखक झेनोफोन (इ.स.पू. ४थं शतक) जास्त पटतो, तो सरळ म्हणतो की घाबरलेल्या घोड्याला फटके दिले तर भीती वाढते, कारण दुखतंय ते त्या वस्तूमुळेच असं त्याला वाटतं.

कोल्हापूरकडे रंकाळ्यावर आणि पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत, जोतिबाच्या चैत्र यात्रेत पालखीच्या लवाजम्यातही घोडा असतो, तिथे गुलाल, गर्दी आणि वाद्यांचा दणका एकदमच अंगावर येतो. अशा घोड्याला हलगी आधी लांबून ऐकवायची. कान टवकारले, मान ताठ झाली की पुढे न्यायचं नाही, तिथेच उभं राहून मानेच्या बुडाशी, खांद्यांमधल्या उंचवट्यावर खाजवत राहायचं, तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके खरंच कमी होतात. मान खाली सोडून फुरफुरला की मगच आवाजापासून मागे फिरवायचं. सगळी मेख इथेच आहे, कारण उधळल्यावर मागे नेलं तर उधळलं की सुटका होते हेच तो शिकतो आणि पुढच्या वेळी आधीच उधळतो! थेट गर्दीत नेऊन उभा करणं तर चुकीचंच, तो गप्प दिसतो पण आतून गोठलेला असतो.

हे सगळं करण्याआधी दात, पाठ आणि खोगीर तपासून घ्यावं. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर लगाम ओढला की गाल आतून सोलतात, घोडा मान झटकतो आणि लोक म्हणतात बुजला.