बाहेरून टेस्टोस्टेरॉन, आत शुक्राणूंना टाळं

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) बाहेरून घेतलं की शुक्राणू वाढतात, हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं गेलं. सहा महिन्यांच्या आत निम्म्याहून अधिक जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. ती चाचणीच मुळी गर्भनिरोधकाची होती!

असं का होतं, ते कळायला मेंदूपासून सुरुवात करावी लागते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून, ठोक्याठोक्याने सुटतं. 1978 मध्ये शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडिणींवर दाखवून दिलं की ते तासाला एकदा दिलं तर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी काम करते, पण सलग देत राहिलं तर ती गप्प होते. नराच्या शरीरातही हाच ताल चालतो. मला या साऱ्या यंत्रणेतलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

पीयूषिकेतून मग दोन संप्रेरकं निघतात. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं, तर एफएसएच सर्टोली पेशींना कामाला लावतं. शुक्राणू वाढतात ते या सर्टोली पेशींच्या कुशीत. गंमत म्हणजे घडत्या शुक्राणूपेशींना टेस्टोस्टेरॉन थेट ओळखता येत नाही. त्याचा निरोप सर्टोली पेशीच घेतात. आणि तो निरोप पुरेसा ठरावा म्हणून वृषणात या संप्रेरकाचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावं लागतं.

खरी मेख इथेच आहे. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलं की मेंदूला वाटतं, काम भागलं. एलएच आणि एफएसएच दोन्ही घटतात, लायडिग पेशी थंडावतात. रक्तात सुकाळ, वृषणात दुष्काळ. सर्टोली पेशींकडून येणारं इनहिबिन बी हे संप्रेरक एरवीही एफएसएचला लगाम घालत असतंच.

ऱ्हीसस माकडांच्या नरांमध्ये निसर्गच दरवर्षी असा उतार घडवतो: विणीचा हंगाम सरला की संप्रेरकं ओसरतात, वृषणं आक्रसतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा भरतात. माणसातही इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांची निर्मिती परत सुरू होते, मात्र लगेच नाही. एक शुक्राणू घडायलाच सुमारे 74 दिवस लागतात, आणि त्याआधी मेंदूचा ताल जुळावा लागतो. म्हणून मूल हवं असलेल्या पुरुषाने टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगायला हवं.