माया नगरराज्यांची सामायिक संस्कृती

दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास व एल साल्वादोर यांचा पश्चिम भाग, एवढ्या पट्ट्यात इ.स. 250 ते 900 या अभिजात काळात डझनावारी माया राज्ये नांदली. टिकाल आणि कालाकमुल यांनी लहान राज्ये अंकित केली, पण सगळ्यांवर एकच सम्राट कधी झाला नाही. म्हणून ‘माया साम्राज्य’ हा शब्द टाळावा.

राजांची बिरुदे मात्र एकाच साच्यातली: ‘कुहुल’ म्हणजे पवित्र, मग राज्याचे नाव, शेवटी ‘आहाव’ म्हणजे राजा. नाव तेवढे बदलते. ही ठेवण माया लिपीचे अभ्यासक हाइनरिश बर्लिन यांनी 1958 मध्ये ओळखली. तरी बिरुदातले राज्याच्या नावाचे एक चिन्ह म्हणजे एकच राज्य असे गृहीत धरले की घोटाळा होतो. टिकाल आणि त्याचे वैरी दोस पिलास, दोन्ही घराणी ‘मुताल’ हेच नाव लावत.

सर्वांत घट्ट धागा कालगणनेचा. 20 किन (दिवस) म्हणजे 1 विनाल, 18 विनाल म्हणजे 1 तुन (360 दिवस), 20 तुन म्हणजे 1 कातुन (7,200) आणि 20 कातुन म्हणजे 1 बाकतुन (1,44,000). नवशिके 18 च्या जागी 20 धरतात आणि तारीख कित्येक शतकांनी सरकते. 9.15.6.14.6 ही तारीख (डावीकडून बाकतुन, कातुन, तुन, विनाल, किन) सोडवून पाहा: 12,96,000 + 1,08,000 + 2,160 + 280 + 6 = 14,06,446 दिवस. गणनेचा आरंभदिन ‘4 आहाव 8 कुमकू’ (इथे ‘आहाव’ हे 260 दिवसांच्या चक्रातल्या दिवसाचे नाव, ‘कुमकू’ हा 365 दिवसांच्या चक्रातला महिना). तेथून 260 आणि 365 दिवसांची चक्रे फिरवली की ‘6 किमी 4 सेक’ (‘किमी’ हेही दिवसाचे नाव, ‘सेक’ महिना) येते. शिल्पात हीच जोडी कोरलेली नसेल, तर वाचनात कुठेतरी चूक आहे.

चांद्रमासाच्या हिशेबात मात्र नगरागणिक फरक दिसतो. कोपानच्या सूत्रात 149 मासांचे 4,400 दिवस, पालेन्केच्या सूत्रात 81 मासांचे 2,392. दोन्हींतून मास साधारण 29.53 दिवसांचाच येतो.

वर सोडवलेली तारीख इ.स. 738 मधली आहे. त्या दिवशी किरिगुआचा राजा काक तिलिव याने कोपानच्या राजाचा, म्हणजे आपल्याच अधिपतीचा, शिरच्छेद केला. कोपानचे जोखड झुगारल्यावर किरिगुआने लिपी बदलली नाही की कालगणनाही नाही. उलट कोपानच्याच धर्तीवर, पण त्याहून कितीतरी उंच स्तंभ उभारले. 771 मधला ‘ई’ स्तंभ सुमारे 10.6 मीटरचा आहे.