फळा, खडू आणि मंगळवारची रात्र: बिशप फुल्टन शीन

१२ फेब्रुवारी १९५२, मंगळवार, रात्रीचे आठ. अमेरिकेत ही वेळ मिल्टन बर्ल या विनोदवीराची. त्याचा कार्यक्रम लागला की घराघरांत टीव्हीसमोर गर्दी व्हायची. ड्यूमाँट या लहानशा नेटवर्कने त्याच वेळेला एका कॅथलिक बिशपांना उभे केले. ना गाणे, ना नाच. फक्त एक माणूस, काळा झगा, खांद्यावर जांभळी केप, छातीवर क्रूस आणि बाजूला फळा. कार्यक्रमाचे नाव ‘लाइफ इज वर्थ लिव्हिंग’.

हा कार्यक्रम बर्लसमोर तग धरेल असे कोणाला वाटले नव्हते. पण लाखो लोक तो बघू लागले. त्यांत प्रोटेस्टंट होते, ज्यू होते, कोणताच धर्म न मानणारेही होते. त्याच वर्षीच्या कामगिरीसाठी शीन यांना एमी हा टीव्ही क्षेत्रातला पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी आपल्या चार लेखकांचे आभार मानले: मत्तय, मार्क, लूक आणि योहान, म्हणजे बायबलमधल्या चार शुभवर्तमानांचे लेखक.

या यशामागे बत्तीस-तेहेतीस वर्षांची तयारी होती, हे विसरता कामा नये. शीन यांचा जन्म १८९५चा, इलिनॉय राज्यातल्या एल पासो गावचा. वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. १९१९मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढे बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट केली आणि १९२६पासून वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवायला लागले. १९३०पासून ‘द कॅथलिक अवर’ या रेडिओ कार्यक्रमामुळे त्यांचा आवाज देशभर ओळखीचा झाला.

म्हणजे टीव्हीवर आले ते मुळात हाडाचे शिक्षक. हातात कागद घेत नसत. भाषणाची तयारी तासन्‌तास चाले. विषय स्वतःला नीट उमगला आहे का, हे पडताळण्यासाठी तेच भाषण इटालियन आणि फ्रेंचमध्ये बोलून बघत. फळ्यावर सगळ्यात वर ‘जेएमजे’ लिहिलेले असे: येशू, मरिया, योसेफ. फळा भरला की ते कॅमेऱ्याकडे वळत, तेवढ्यात पडद्यामागचा कामगार तो पुसून टाकी. ‘माझा देवदूत’ म्हणून शीन त्याचा उल्लेख करत.

फेब्रुवारी १९५३मधला एक भाग फार गाजला. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधला अंत्यविधीचा प्रवेश त्यांनी वाचला, पण सीझरच्या जागी स्टालिनचे नाव घालून. स्टालिनला एक दिवस न्यायासमोर उभे राहावे लागेल, असे ते म्हणाले. काही दिवसांतच, ५ मार्चला, स्टालिन वारला. लोकांनी याला भविष्यवाणी मानले. मला मात्र त्यात एका शिक्षकाचे नाट्यभान जास्त दिसते.

कार्यक्रमाचा प्रायोजक ॲडमिरल ही टीव्ही संच बनवणारी कंपनी. तिच्याकडून मिळणारे मानधन शीन परदेशी मिशनकार्याला देत. त्या कार्याच्या संस्थेचे ते १९५०पासून राष्ट्रीय संचालक होते. नंतरच्या काळात पडद्यावर धर्मोपदेश करणाऱ्यांविषयी पैशावरून जे बोलले गेले, त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट मला मोलाची वाटते.

१९५७मध्ये कार्यक्रम थांबला. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन आणि शीन यांचे बिनसले होते. सरकारने फुकट दिलेल्या दुधाच्या भुकटीचे पैसे स्पेलमन यांनी मिशनच्या निधीतून मागितले, शीन यांनी नकार दिला आणि प्रकरण थेट पोपपर्यंत गेले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. स्वतः शीन यांनी आत्मचरित्रात त्याची वाच्यता टाळली. १९६६मध्ये त्यांना न्यूयॉर्क राज्यातल्याच रॉचेस्टर शहराचे बिशप म्हणून पाठवण्यात आले. तीनच वर्षांत ते तिथून निवृत्त झाले.

२ ऑक्टोबर १९७९. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी थकलेल्या शीन यांना सर्वांसमोर मिठी मारली. धर्मगुरू झाल्यापासून रोज एक तास पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ज्यात ख्रिस्त उपस्थित असल्याचे कॅथलिक मानतात त्या पवित्र भाकरीसमोर, प्रार्थनेला बसायचा त्यांचा नेम होता. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या ८४व्या वर्षी, आपल्या घरातल्या छोट्या चॅपलजवळ त्यांनी प्राण सोडला.